टाकीत पेट्रोल ओतलं की चेनसॉ साफ होतो?

"जुन्या चेनसॉच्या तेलाच्या टाकीत पेट्रोल भरा, दहा मिनिटं मशीन चालवा, गोठलेलं तेल आपोआप बाहेर. काही खोलायची गरज नाही. तरी राहिलंच तर हवा मारा, नाहीतर कॉस्टिक सोड्यात बुडवा." हा सल्ला माझ्या मोबाइलवर आतापर्यंत तीनदा आलाय. त्यातलं निम्मं मी स्वतः करून बसलोय, म्हणून एकेक वाक्य घेतो.

"पेट्रोलमध्ये सगळं तेल विरघळतं." कुठलं तेल, ते आधी सांगा. साखळीला वंगण म्हणून जाणारं खनिज तेल चिकट असतं, कारण गरगर फिरणाऱ्या साखळीवरून ते उडून जाऊ नये म्हणून त्यात चिकटपणा वाढवणारं द्रव्य मुद्दाम घालतात. त्यात भुसा मिसळून वर्षानुवर्षं पडून राहिला की काळा चिकटा होतो. तो पेट्रोलमध्ये विरघळतो, पण रॉकेलमध्येही विरघळतो. वनस्पतिजन्य तेलाची गोष्ट वेगळी. हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि पिवळसर, चिवट साय धरते. जवसाचं तेल लाकडावर वाळून कडक होतं ना, तोच प्रकार. ही साय एकदा पक्की झाली की पेट्रोलमध्ये विरघळत नाही. फुगते, आणि तिचे पोपडे सुटतात. ते पोपडे जातात कुठे? थेट पंपाच्या तोंडाशी.

कुठलं तेल आहे ते ओळखणं सोपं आहे. टाकीच्या तोंडाशी रॉकेलचा बोळा दहा मिनिटं दाबून ठेवा. बोळा काळा-तपकिरी झाला तर खनिज तेल. बोळा जवळजवळ कोराच राहिला आणि नखानं पापुद्रा निघाला तर वनस्पतिजन्य.

"दहा मिनिटं चालवा." सगळ्यात वाईट वाक्य हेच. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. चेनसॉची साखळी सेकंदाला साधारण २० मीटर वेगानं पळते, म्हणजे ती पेट्रोल चहूकडे शिंपडणार आणि शेजारीच तापलेला सायलेन्सर. शिवाय पेट्रोलला वंगणाचा गुण नाही. बार (ज्या पट्टीच्या कडेनं साखळी फिरते ती) आणि साखळी कोरडीच घासतात, बारच्या कडा तापून निळ्या पडतात.

तिसरं नुकसान मात्र दिसत नाही. तेलाचा पंप बहुधा वर्म गिअरवर (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरवर) फिरतो आणि बऱ्याच मशीनमध्ये तो गिअर प्लास्टिकचा असतो. पंपाचा दट्ट्या गोठलेल्या तेलात अडकलेला असताना इंजिन चालू केलं तर दट्ट्या हलत नाही, गिअरचे दात जातात. माझे गेले. मी तर पेट्रोलसुद्धा ओतलं नव्हतं, नुसतं "बघू तरी" म्हणून दोरी ओढली होती.

"काही खोलायची गरज नाही." आहे. स्पार्क प्लगची वायर काढा, बार-साखळी उतरवा, क्लच काढा. क्लचचे आटे बहुतेक मशीनमध्ये उलटे असतात, नेहमीच्या दिशेनं जोर लावत बसू नका. पंप सुटला की तो आणि टाकीतला गाळणीचा बोंडा रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा. रबरी नळी आणि ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) त्यात टाकू नका, फुगतात; त्यांना साबणाचं कोमट पाणी पुरे. वनस्पतिजन्य साय रॉकेलमध्येही विरघळणार नाही, पण धातूवरची तिची पकड ढिली होते. मग लाकडी काडीनं खरवडायची. स्क्रू-ड्रायव्हरनं नको, पंपाला चरे पडले की तेल मागच्या मागे गळतं. पंप हातानं अलगद फिरेपर्यंत परत बसवायचा नाही.

"हवा मारा." टाकीच्या तोंडातून मारली तर घाण आणखी आत ठासली जाते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! हवा मारायची ती पंप काढल्यावर, बाहेरच्या छिद्रातून टाकीकडे आणि हळू. जोर जास्त झाला तर आतली नळी निसटते.

"कॉस्टिक." वनस्पतिजन्य तेलाचा तो साबण करतो, हे खरं. पण ॲल्युमिनियमही खातो, आणि चेनसॉमध्ये ॲल्युमिनियम भरपूर असतं. पोलादी साखळीसाठी धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी चालेल, मात्र लगेच वाळवून तेलात बुडवा, नाहीतर गंज चढेल. थिनरचा सल्लाही याच जातीचा, काही प्लास्टिक त्यात मऊ पडतं.

सगळं जोडून ताजं तेल भरल्यावर बारचं टोक कोऱ्या कागदासमोर, कागदाला न टेकवता धरा आणि थोडा वेग द्या. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटायला हवी. रेघ आधी उमटली आणि काही मिनिटांनी थांबली, तर पंपाला दोष देण्याआधी टाकीचं टोपण सैल करून बघा. तेल परत सुरू झालं तर टाकीत हवा जाण्याचं छिद्र बुजलेलं आहे. तिथंही तोच चिकटा असतो.