आमचा अभेद्य किल्ला

समोरच्या दारात हात जोडणं, स्लिपा, "काकू लक्ष असू द्या" आणि वर एक कॅलेंडर, एवढं सगळं झालं आणि मग ती दहा-बारा जणांची टोळी आमच्या दाराकडे न बघता सरळ वरच्या मजल्यावर. मी दार उघडून उभा होतो हो. रविवार असून शर्ट घातला होता.

मागे यादीवाला पोरगा राहिला होता, चोवीस-पंचवीसचा, गळ्यात उपरणं. त्याला म्हटलं, बाबा रे, आमचं मत चालत नाही का? त्याने यादीवरून बोट फिरवलं.

"काका, तुम्ही रेडमध्ये."

"म्हणजे विरोधी?"

"छे, विरोधी यलो. तुम्ही म्हणजे... सुन त्झू वाचलाय का?"

जिन्यात, सकाळी साडेनऊला, चहा व्हायचाय, आणि हा मला अडीच हजार वर्षांपूर्वीचा चिनी सेनापती शिकवतोय. तेरा प्रकरणं आहेत म्हणे. आठव्यात लिहिलंय की काही शहरांवर हल्ला करायचाच नसतो. "तटबंदीच्या शहराला वेढा घालायचा तर तयारीला तीन महिने, मातीचे ढिगारे रचायला आणखी तीन. आणि आपला प्रचार किती दिवस? २०१७ ला तुम्ही भाऊंना फुटपाथवरून चाळीस मिनिटं धरलं होतं, दोन बिल्डिंगी राहिल्या. नोंद आहे."

नोंद आहे! त्याच फुटपाथची मी केलेली तक्रार वॉर्ड ऑफिसात कुणाला सापडत नाही, आणि यांच्याकडे माझी चाळीस मिनिटं जपून ठेवलीत. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं नुसता प्रशासक, फुटपाथ तसाच उखडलेला, तेव्हा कुठल्या प्रकरणात होतात रे?

"आणि ही माहिती दिली कोणी?"

"हेर पाच प्रकारचे असतात काका. पहिला स्थानिक." आणि खाली वॉचमनकडे बघून गोड हसला. दिवाळीला पाचशे देतो मी त्या माणसाला.

मीही काही कमी नाही, म्हटलं अरे अमेरिकेत ली ॲटवॉटर म्हणून होता, थोरल्या बुशचा प्रचारप्रमुख, त्यालाही सुन त्झूचं वेड. १९८८ ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बुशचा विरोधक ड्युकाकिस एका पोलमध्ये सतरा टक्क्यांनी पुढे होता, मग तो हेल्मेट घालून रणगाड्यात बसला, तेच फुटेज यांनी जाहिरातीत त्याच्याविरुद्ध वापरलं, आणि बुशने पन्नासपैकी चाळीस राज्यं मारली. पुढे ॲटवॉटरला ब्रेन ट्युमर झाला, चाळिशीतच गेला, पण जाण्याआधी त्याने ड्युकाकिसची माफी मागितली होती. हे शेवटचं वाक्य मी जरा रोखूनच म्हटलं.

पोरगा विचारात पडला. "रणगाडा आपल्याला परवडणार नाही," म्हणाला. "पण समोरचे भाऊ परवा जेसीबीवर चढलेले, फोटो आहे."

माफीचं त्याला ऐकूच गेलं नसावं.

वरून हाका आल्या. "काका, पेन आहे का?" दिलं. त्याने माझ्या नावापुढे आणखी एक फुली मारली, शेजारी '२५ मि.' असं लिहिलं, पेन स्वतःच्या खिशाला लावलं आणि दोन-दोन पायऱ्या चढत गेला.

नंतर मोबाईलवर बघितलं. दुसऱ्या प्रकरणात आहे, रसद शत्रूच्या मुलखातून घ्यावी.