झेंडा कोणाचा, परीक्षा कोणाची?

मायदेशात १९५८चा व्यापारी नौवहन कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला आणि तेव्हापासून जास्तीत जास्त जहाजांवर तिरंगा कसा फडकेल, म्हणजे त्यांची नोंदणी भारतात कशी होईल, याचीच चर्चा रॉटरडॅममध्ये माझ्या कानावर येते. नोंदणीसाठी जहाज भारतीय मालकीचे असण्याची अट सैल झाली, ते योग्यच झाले. मात्र आपली नोंदणी लायबेरियासारखी सुटसुटीत करा, हा आग्रह मला अर्धवट वाटतो. लायबेरियाच्या नोंदणीचा कारभार अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालतो, तरीही बंदरात येणाऱ्या परदेशी जहाजांच्या तपासणीविषयीच्या पॅरिस कराराच्या 'पांढऱ्या', म्हणजे चांगली कामगिरी असलेल्या झेंड्यांच्या, यादीत तो झेंडा आहे; म्हणजे परक्या मालकांना दार उघडणे हा दोष नव्हे, दारावर कोण उभे आहे हे महत्त्वाचे.

१९६७ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ खडकावर आदळलेल्या 'टॉरी कॅन्यन' या तेलवाहू जहाजाचा झेंडा लायबेरियाचा होता आणि कप्तान इटालियन. चौकशी लायबेरियाने केली व सारा ठपका कप्तानावर ठेवला. (झेंड्याने स्वतःला मात्र फारसे प्रश्न विचारले नाहीत.) अशा अपघातांनंतरच अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे यांविषयीचा १९७८चा एसटीसीडब्ल्यू करार झाला. त्यानुसार एका देशाचे प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या देशाच्या जहाजावर जाणाऱ्या अधिकाऱ्याला त्या झेंड्याची एन्डॉर्समेंट, म्हणजे आपले प्रमाणपत्र मान्य असल्याची लेखी नोंद, लागते; अर्ज केल्याचा पुरावा असेल तर ती मिळेपर्यंत तीन महिने काम करता येते, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्या देशाचे सागरी कायदे ठाऊक असावे लागतात. मी चीफ ऑफिसर, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी, म्हणून प्रथम परक्या झेंड्याखाली गेलो, तेव्हा 'मला हे कायदे माहीत आहेत' अशा छापील मजकुराखाली सही करणे एवढीच माझी परीक्षा झाली. तो देश मी आजतागायत पाहिलेला नाही. त्याआधी भारतात दिलेल्या तोंडी परीक्षेत जहाजाच्या स्थैर्यावर मला घाम फुटला होता.

आजवर आपण प्रमाणपत्रे देणारा देश होतो. नोंदणी वाढली आणि परदेशी अधिकारी आपल्या जहाजांवर येऊ लागले, तर इतरांची प्रमाणपत्रे मोठ्या प्रमाणावर स्वीकारणारेही होऊ. मग कोणत्या देशाचे प्रशिक्षण मान्य करायचे, ते तपासायला कोणी जायचे आणि प्रमाणपत्र खरे असल्याची खातरजमा कोणी करायची, ही कामे नौवहन महासंचालनालयाची होतील, आणि त्यांना माणसे लागतात. इथे रॉटरडॅमच्या धक्क्यावर जहाजावर चढणारा निरीक्षक प्रमाणपत्रे, एन्डॉर्समेंट आणि विश्रांतीच्या नोंदी मागतो: २४ तासांत किमान १०, आठवड्यात ७७ तास. त्रुटींमुळे जहाज अडकवले गेले, तर ती नोंद तीन वर्षे झेंड्याच्या खात्यात मोजली जाते, आणि जहाजाची जोखीम ठरवताना हे खातेही पाहिले जाते. कमी जोखमीच्या जहाजाची नियमित तपासणी २४ ते ३६ महिन्यांनी होते, जास्त जोखमीच्या जहाजाची ५ ते ६ महिन्यांनी. त्यामुळे ढिली नोंदणी मालकालाही अखेर महागच पडते.

किमान मास्टर (कप्तान) आणि चीफ इंजिनिअर यांची भारतीय कायद्याची परीक्षा तरी महासंचालनालयाने समोर बसवून घ्यावी. एन्डॉर्समेंटला त्याने थोडा उशीर होईल, पण तेवढ्यासाठी तीन महिन्यांची सवलत करारातच आहे.