कीर्तनावर बंदी नाही : फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘जादूटोणाविरोधी कायद्यानं कीर्तन, वारी, पूजा गुन्हा ठरणार, हा कायदा मागणारे देवाचे वैरी’ असा मेसेज सध्या साताऱ्यात फिरतोय. काल राजवाड्याजवळच्या चहाच्या टपरीवर गल्लीतल्या आबांनी तो मला वाचायला दिला. एक हात गळ्यातल्या तुळशीमाळेवर. “आता माळबी काढायची का रं?” ऐकून पोटात कालवलं.

मेसेज खोटा आहे. २०१३ च्या या कायद्यातलं कलम १२ प्रदक्षिणा, यात्रा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, घरातली-देवळातली-दर्ग्यातली प्रार्थना यांना स्पष्टपणे वगळतं. गुन्हा आहे तो नरबळीसारख्या अघोरी प्रकारांचा. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देता गंडेदोरे बांधण्याचा. यात देवाचा अपमान कुठे आला?

कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांचं म्हणणं पटो वा न पटो, असल्या माणसाला वैरी म्हणणं मला सहन होत नाही. आणि आबांच्या श्रद्धेची कुणी टिंगल केली, तर तीही नाही.

आबांनी कलम १२ दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, “ज्यानं धाडलंय त्याला घरी बोलावतो. फोनवर भांडाण नको.”