‘प्लास्टिकची खिडकी दोन उन्हाळ्यांत वाकते’ म्हणणाऱ्यांना उत्तर

बेळगाव, खानापूर भागात घर बांधायला काढलं की हा मेसेज कुणीतरी पाठवतोच: "यूपीव्हीसी म्हणजे पाण्याच्या पाइपचंच प्लास्टिक. दोन उन्हाळ्यांत वाकतं, पावसात पाणी आत येतं, आग लागली की भडकतं. बापजाद्यांचं सागवानच बरं." आमच्या गावात दोघांनी हे वाचून दिलेली ऑर्डर मागे घेतली, म्हणून लिहायला बसलो.

पाइपचं प्लास्टिक? मूळ माल पीव्हीसीच, हे खरं. पण खिडकीच्या सेक्शनमध्ये, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीत, ऊन सोसण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, आत कप्पे असतात आणि मोठ्या कप्प्यात गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी सरकवतात. पाइपात यातलं लोखंड कुठलं? स्वस्त मालात मात्र खडूची भुकटी जास्त आणि टायटॅनियम कमी असतं. तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. ऑर्डरआधी सेक्शनचा कापलेला तुकडा हातात घ्या आणि आत लोखंड आहे का ते डोळ्यांनी बघा.

उन्हात वाकण्याचं म्हणाल, तर हे प्लास्टिक मऊ पडायला 75-80 अंश लागतात. आपल्याकडचा एप्रिल चाळिशीला टेकला तरी पांढरी चौकट तिथवर तापत नाही. गडद रंगाची जास्त तापते, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला मी पांढरीच सुचवतो. मग वाकलेल्या चौकटी दिसतात त्या कुठल्या? प्लास्टिक उष्णतेने लाकडापेक्षा बरंच फुगतं. दीड मीटरची चौकट 30 अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर वाढते. गवंडी तिला लाकडी चौकटीसारखी सिमेंटमध्ये घट्ट चिणतो, वाढायला जागा उरत नाही आणि ती मधोमध वाकते. भिंतीशी चारी बाजूंनी सांध ठेवून फोम आणि सिलिकॉन भरायचं असतं.

पाण्याची तक्रार मात्र मी स्वतः पाहिली आहे. खानापूरच्या पुढे, जांबोटीच्या वाटेवर माझ्या मामेभावाचं घर आहे. तिथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना झड म्हणजे काय ते सांगायला नको. पाणी आडवं येतं. पहिल्याच जुलैत सरकत्या खिडकीचा खालचा रूळ भरून पाणी खोलीत उतरलं. वहिनी म्हणाल्या, "बघा भावजी, प्लास्टिक ते प्लास्टिकच." बाहेर जाऊन बोटाने चाचपलं, तर चौकटीच्या खालच्या पट्टीतली लांबट भोकं रंगाऱ्याने पुट्टीने बुजवलेली! रुळात आलेलं पाणी बाहेर पडावं म्हणूनच ती ठेवलेली असतात. खिळ्याने पुट्टी खरवडली आणि पाणी धार लागून भिंतीवरून खाली गेलं. तरीही अशा गावात पश्चिमेला सरकती खिडकी घेऊच नये. तिच्या सांध्यात केसाळ पट्टी असते, ती झड अडवत नाही. उघडझापीचा पल्ला चहूबाजूंनी रबरावर दाबला जातो. तोच घ्या, आणि वर सज्जा हवाच.

आग? पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, त्यामुळे ज्योत बाजूला केली की ते आपोआप विझतं. लाकूड जळत राहतं. जळताना पीव्हीसीतून घशाला झोंबणारा आम्लाचा धूर निघतो, हेही तितकंच खरं.

राहिलं सागवान. जुन्या, मुरलेल्या सागवानाशी मी वाद घालत नाही. पण आज बाजारात कोवळं, नीट न वाळवलेलं लाकूडही सागवान म्हणून गळ्यात मारतात. ते आषाढात फुगतं, सुतार रंधा मारून पल्ला बसवतो आणि फाल्गुनात त्याच फटीतून बोट जातं. बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या जुन्या घरांतल्या सागवानी खिडक्या मात्र काढू नका. तेलपाणी करा, बिजागऱ्या बदला, तावदानं नवी बसवा. नव्या घराला प्लास्टिक घेताना गज भिंतीत वेगळे बसवायला लागतील. तो खर्च आधीच हिशेबात धरा.