बाया पिकासोची शिष्या नव्हती

अल्जीरियन चित्रकार बाया (जन्म 1931) हिला पिकासोने चित्रकला शिकवली, असा मजकूर फिरतो आहे. तारखा लावून पाहिल्या की तो टिकत नाही. पॅरिसच्या माग गॅलरीत तिचं प्रदर्शन भरलं नोव्हेंबर 1947 मध्ये, सोळावं सरायच्या आत. कॅटलॉगमध्ये फ्रेंच कवी, अतिवास्तववादाचे प्रणेते आंद्रे ब्रेतोंनी लिहिलं. दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस गावच्या मादुरा या मातीकामाच्या कार्यशाळेत ती मातीकामाला गेली 1948 साली, आणि पिकासो तिथेच काम करत होता. म्हणजे शेजार खरा, शिकवणी नाही. तिच्या चित्रांतले सावलीविना सपाट गुआश (पाण्यात कालवायचे अपारदर्शक) रंग, बायका, पक्षी हे सगळं त्याआधीचंच. अल्जीरिया तेव्हा फ्रान्सची वसाहत; तिला ‘फ्रेंचांनी घडवलेली’ म्हणणंही वसाहतीचाच चष्मा. पोरक्या बायाला मार्गरीत कामिना या फ्रेंच बाईने अल्जिअर्समध्ये घरी आणून रंग-कागद दिले, एवढं मात्र खरं.