ब्रूज लहान मुलांना दाखवायचे असेल तर तिथे मुक्काम करावा

बेल्जियममधील ब्रूज हे कालव्यांचे जुने शहर ब्रसेल्सपासून रेल्वेने साधारण तासाभरावर असल्यामुळे आपल्याकडचे बहुतेक पर्यटक सकाळी जाऊन संध्याकाळी परततात. सहा आणि तीन वर्षांच्या मुलींना घेऊन आम्हीही पहिल्या खेपेस तसेच गेलो आणि दुपारपर्यंत सगळेच मेटाकुटीस आलो. पुढच्या वर्षी मात्र दोन रात्री राहिलो, आणि तेव्हा कुठे ते शहर मुलींना दिसले, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या भागातील रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत. त्यांवर बाबागाडी इतकी हादरते की झोपलेले मूल हमखास जागे होते. मोठ्या चौकातील घंटाघर 83 मीटर उंच असून त्याला 366 पायऱ्या आहेत आणि जिना अरुंद आहे. पहिल्या खेपेस धाकटीला कडेवर घेऊन तो चढण्याचा हट्ट मी धरला, ही माझी चूकच होती. त्या मनोऱ्यातील 47 घंटांचा नाद खाली बसूनही ऐकू येतो. दर पाव तासाने सूर सुरू झाले की तळलेल्या बटाट्याच्या कापांचा कागदी कोन हातात तसाच धरून धाकटी वर पाहत राहायची.

अर्ध्या तासाची बोटीची फेरी अजिबात चुकवू नये, कारण बुटक्या पुलांखालून जाताना मोठ्यांनाही मान खाली घालावी लागते याचे मुलांना फार अप्रूप वाटते. काठाने चालताना मात्र हात सोडू नये. कित्येक ठिकाणी कठडाच नाही.

1488 साली शहराने तेव्हाचा तिथला राज्यकर्ता मॅक्सिमिलियन याला कैद करून त्याच्या पीटर लांखाल्स या अधिकाऱ्याचा शिरच्छेद केला, म्हणून राजहंस कायम पाळण्याची शिक्षा शहराला झाली, अशी आख्यायिका आहे. लांखाल्स हे नाव तिथल्या भाषेत ‘लांब मान’ या शब्दांसारखे ऐकू येते. थोरलीला मी एवढेच सांगितले, तर ती सकाळभर प्रत्येक हंसाला त्याच नावाने हाका मारत होती.

चर्च ऑफ अवर लेडीमध्ये मायकेलअँजेलोने घडवलेली संगमरवरी माता-बालकाची मूर्ती आहे. आम्ही तिथे रेंगाळलो, कारण परतीची गाडी गाठायची नव्हती. त्यातले बाळ मांडीवर बसलेले नाही; आईच्या गुडघ्यांमध्ये उभे राहून, तिचा हात धरून ते पुढे निघाले आहे. धाकटीने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “आई, त्याला खाली उतरायचंय.”