बंड्याचा तांब्या आणि जयंताचा दगड

रविवारी संध्याकाळी कसबा पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर जयंताने रुमालात बांधलेला एक दगड काढला आणि सगळ्यांचे चहा निवले ते निवलेच.

दगड मुठीएवढा, हिरवट काळा. अंगठ्याने चोळला तर साबणासारखा गुळगुळीत, कडेला पापुद्रे सुटलेले. मधूनमधून पितळी ठिपके. मोबाइलचा टॉर्च मारला की ते सोन्यासारखे चमकायचे.

"मुसाबनीचा," जयंता म्हणाला. "जिऑलॉजीत एम.एस्सी. करत होतो तेव्हा टूरला गेलो होतो, तेव्हाचा. काल माळा आवरताना सापडला."

बंड्याची तिसरी पिढी तांबट आळीत भांडी ठोकते. त्याने दगड उचलून नाकाशी नेला. "हे तांबं?"

"तांब्याचं खनिज. चाल्कोपायराइट. वैद्य लोक सुवर्णमाक्षिक म्हणतात ना, तेच. पण थोडंफार युरेनियमही असेल यात."

बंड्याने विंचू टाकावा तसा दगड खाली टाकला. मनीषा शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिने मुकाट्याने आपला कप कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला नेला, मग बाकीच्यांनीही नेले.

"उगाच घाबरवू नकोस," अवी म्हणाला. "मुसाबनी तांब्याची खाण. युरेनियमची ती जादूगोडा. दोन्हींची भेसळ कशाला करतोस?"

झालं. जयंताला एवढंच हवं होतं.

झारखंडचा सिंहभूम. गीतांजलीने हावड्याला जाताना टाटानगर सुटलं की राखा माइन्स नावाचं स्टेशन लागतं, पुढे घाटशिला. या सगळ्या मुलखातून जमिनीचा एक चिरडलेला पट्टा धनुष्यासारखा वळत जातो, दीडशे किलोमीटरहून लांब. भूशास्त्रातले लोक त्याला शिअर झोन म्हणतात. जयंताने दोन्ही तळहात एकमेकांवर घासून दाखवले. "जात्याचं बघ. वरचा दगड खालच्यावर सरकला की मधल्या दाण्याचं पीठ. इथे खडकाचं पीठ झालं, आणि त्या पिठातून गरम, खारं पाणी फिरलं. अब्जावधी वर्षांपूर्वी. तांबं, युरेनियम, थोडं निकेल, मॉलिब्डेनम, लोहचुंबकाचा दगड, सगळं एकाच पट्ट्यात येऊन बसलं. मुसाबनीला तांबं जास्त, जादूगोड्याला युरेनियम. भेसळ मी नाही केली, जमिनीनेच केली."

"पाण्यातून युरेनियम वाहतं?" बंड्याला ते पटेना.

"ऑक्सिजन भरपूर असेल तोवर विरघळून वाहतं," मनीषा म्हणाली. "तो संपला की तळाशी बसतं. यात नवल काही नाही." मूळ युरेनियम आलं कुठून, जुन्या ग्रॅनाइटमधून की नदीच्या गोट्यांच्या थरांतून, यावर जयंताच्या सरांचंही आपसात पटत नव्हतं म्हणे. त्यावर तो दहा मिनिटं बोलला. मी ती दहा मिनिटं इथे देत नाही.

इतिहासाच्या बाबतीत मात्र अवी पक्का निघाला. व्हॅलेंटाइन बॉल नावाच्या आयरिश भूवैज्ञानिकाने 1869 मध्येच सिंहभूमच्या प्राचीन तांबेकऱ्यांवर लिहून ठेवलंय. रानात जुने खड्डे, भट्टीच्या मळीचे ढीग. तिथले लोक ते काम सराकांचं सांगत. सराक म्हणजे श्रावक, जैन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केप कॉपर कंपनीने राखा माइन्स चालवून पाहिली. मग इंडियन कॉपर कॉर्पोरेशन आली आणि मुसाबनीचा दगड मौभंडारच्या भट्टीत वितळू लागला. 1972 मध्ये सरकारने ती हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीकडे दिली आणि 2003 मध्ये मुसाबनी बंद पडली.

"म्हणजे इतकी वर्षं साहेब आपलं युरेनियम चोरून नेत होता!" बंड्या म्हणाला.

"अरे, कोणाला हवं होतं तेव्हा युरेनियम?" जयंता हसला. "कचरा होता तो."

यावर बंड्याने जो प्रश्न विचारला, तो आम्हा शिकलेल्यांपैकी कोणालाच सुचला नव्हता. "किलोभर दगडात तांबं किती?"

"पंधरा ग्रॅम धर."

बंड्याने बोटांवर हिशेब केला. "माझा एक तांब्या तीनशे ग्रॅमचा. म्हणजे वीस किलो दगड. मग बाकीचा एकोणीस किलो सातशे ग्रॅम कुठाय?"

दगड पिठासारखा दळतात, पाण्यात कालवतात, फेस काढतात. फेसावर तांब्याचे कण तरंगून येतात, बाकीचा गाळ बाहेर. युरेनियम त्या गाळातच राहतं, त्यामुळे बंड्याच्या तांब्याला काही धोका नाही. गाळात युरेनियम टनामागे शंभर ग्रॅमच्या आसपास असेल. 1951 मध्ये जादूगोड्याला युरेनियम सापडलं, 1967 मध्ये युरेनियम कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी निघाली, आणि नंतर मुसाबनी, सुरडा, राखा इथल्या तांब्याच्या गाळातूनही युरेनियम काढायची सोय झाली. हलत्या ओल्या टेबलांवर गाळ सोडायचा, जड कण वेगळे पडतात, ते जादूगोड्याच्या कारखान्यात न्यायचे.

"बघ, काही फुकट गेलं नाही," अवी म्हणाला. "याला म्हणतात काटकसर."

"आणि जादूगोड्याचा गाळ?" मनीषा कप घेऊन परत आली. "तिथे टनामागे साधारण 600 ग्रॅम युरेनियम. म्हणजे जवळपास अख्खा टन परत बाहेर. जाडा भाग खाणीच्या पोकळीत भरतात, बारीक भाग तळ्यात. युरेनियम काढलं तरी रेडियम त्या गाळातच. मूळ दगडाची ऐंशी-पंच्याऐंशी टक्के किरणं तिथेच राहतात. रेडियमचं अर्धआयुष्य 1600 वर्षं. वाकाटकांनी ठेवलं असतं तर आत्ता कुठे निम्मं झालं असतं."

अवी चिडला. जादूगोड्याची खाण 900 मीटरहून खोल, देशाची पहिली युरेनियमची, नुसती दूषणं कशाला द्यायची? 2004 मध्ये तिथल्या किरणांच्या धोक्याबद्दलची याचिका सर्वोच्च न्यायालयानेच फेटाळली ना? मनीषाने 2007 च्या डॉक्टरांच्या सर्वेक्षणाचं नाव घेतलं. त्यांना तिथल्या गावांत जन्मजात व्यंगं जास्त दिसली होती. किरणांमुळे काही होत नाही, असं युरेनियम कॉर्पोरेशन सांगते. आवाज इतके चढले की समोरच्या गॅलरीतून काकूंनी डोकावून पाहिलं. मला विचाराल तर न्यायालयाने फेटाळलं म्हणजे संथाळ आणि ‘हो’ या तिथल्या आदिवासींची शंका फिटली असं होत नाही, आणि गाळाचं तळं गावाला लागूनच आहे हे तर अवीलाही खोडता आलं नाही. पण मी तेव्हा बोललो नाही. अवीशी उधारीचा विषय अजून मिटायचाय.

नऊला पांगलो. जयंता बोलण्याच्या नादात दगड विसरला, रुमाल तेवढा घेऊन गेला. सोमवारी सकाळी पाहिलं तर चहावाल्याने त्याच दगडाखाली उधारीचे कागद दाबून ठेवले होते. सगळ्यात वरचा अवीचा.